ओकाएरी

देवळीच्या बँकेत काम करणाऱ्या नंदिनीला जपानी अ‍ॅनिमे कार्टूनांतल्या बाहुल्या आणि जुने व्हिडिओ गेम जमवायचा नाद होता. समोरच्या खोलीतलं काचेचं कपाट तिनं त्यांनीच भरून टाकलं होतं. आई जिजाबाई आधी कुरकुरली; पुढे तीच फडक्यानं एकेकीचं तोंड पुसू लागली.

उन्हाळ्याच्या तोंडावर जपानहून एक वापरलेला, हातात मावणारा गेम आला. आत आधीच्या मालकिणीचा खेळ अर्धवट राहिलेला. त्यातली हारू नावाची मुलगी गावभर हिंडून घरी आली, की दारातली म्हातारी म्हणे, ‘ओकाएरी’. नंदिनी जपानी शिकत होती. घरी परतलेल्या माणसाला आपण ‘आलीस का बाई’ म्हणतो, तसा तो शब्द. हारूचा खेळ पुसून स्वतःचा नवा मांडायला तिचा हात धजेना. थोडे दिवस खेळून तिनं सेल काढले आणि गेम कपाटात ठेवून दिला.

मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की आपण बँकेतून कधीही या, चहा तयारच असतो. कधी काम लांबे, कधी ती लवकर सुटे, तरी कपातून वाफ निघत असे. एकदा तिनं विचारलंच, तुले कसं समजते म्हणून.

जिजाबाई गाळणी धूत सहज म्हणाली, “तू यायच्या आंधी ते कपाटातली बाई आवाज देते ना. मंग मी चहा मांडतो.”

“काय म्हणते?”

“ओकाएरी.”

नंदिनीनं कपाट उघडून पाहिलं; गेममध्ये सेल नव्हतेच. तिनं तो शब्द घरात कधी उच्चारला नव्हता. आणि गेममधली म्हातारी बोलत नसे. तिचं बोलणं पडद्यावर नुसतं अक्षरांत उमटे.

पुढच्या रविवारी भर दुपारी वीज गेली होती. कूलर बंद, बाहेर चिटपाखरू नाही. मायलेकी समोरच्या खोलीत पडल्या होत्या. कपाटातून थकलेला, मायेचा आवाज आला, “ओकाएरी.”

जिजाबाई सवयीनं उठली आणि थबकली. “तू त इथंच हायेस. मंग आलं कोन?”

नंदिनीनं गेममध्ये सेल घातले. पडद्यावर म्हातारी पाठमोरी उभी होती. घराचं दार उघडं. हारू कुठंच नव्हती. एकही बटण चालेना.

“माय, यातली पोरगी घरात नाही. दार उघडू नको.”

“लेकरू हाये कोनाचं तरी,” जिजाबाई म्हणाली. “बाहेर ऊन पाह्य कसं तापून राह्यलं.”

तिनं कडी काढली. अंगणात पांढरंफटक ऊन होतं आणि रस्ता मोकळा. जिजाबाई मात्र दारातून बाजूला सरली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी. त्याच क्षणी पडद्यावरची म्हातारी वळली, नंदिनीकडे पाहून कमरेत वाकली, आणि पडदा काळा पडला. तो पुन्हा उजळला नाही.

कपाटातला आवाजही थांबला. नंदिनीला वाटलं, सुटलो एकदाचे.

आठवडाभरानं ती घरी आली आणि सवयीप्रमाणे दारातूनच आईला मोठ्यानं हाक मारली. जिजाबाई मागच्या खोलीतून बाहेर आली. तिनं त्या खोलीचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आत्ताच झोपली ते.”