दाराकडे पाठ

सासरेबुवा खाटेवरून घरंगळले, आणि तरीही जावयाला जन्मात पहिल्यांदा शाबासकी मिळाली.

पण असं काही झालेलं नाही. घरातल्या सगळ्यांनी तसं ठरवलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू. सासरेबुवा अजून यायचे आहेत. ते शनिवारी येणार. आज रविवार आहे, आणि खाट तीन पायांवर अन् विमा कंपनीच्या नियमपुस्तकांच्या एका चळतीवर उभी आहे.

जावई त्याच विमा कंपनीत तपासनीस होता. कोणाचं दुकान जळलं, कोणाची गाडी नाल्यात गेली, की हा जायचा आणि ते मुद्दाम कसं केलंय हे शोधून काढायचा. अकरा वर्षं हेच काम. इतरांच्या मनात शंकेची एखादी पाल चुकचुकते. तपासनिसाच्या मनात पालींची अख्खी वसाहत होती, शाळेसकट. कुठेही गेला तरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. लग्नाच्या फोटोत तो बायकोकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याकडेही नाही. फोटोग्राफरच्या मागे कोण उभं आहे, ते बघतोय.

खाटेचा चौथा पाय मोडला तो चार महिन्यांपूर्वी, सासरेबुवा तिच्यावर बसले तेव्हा. ते उठायच्या आत तपासनिसानं पाहणी सुरू केली आणि वीस मिनिटांत तोंडी अहवाल दिला. पाय आतून किडलेला होता हे खरं, पण मोडण्यात बसणाऱ्याचा वाटा साठ टक्के.

सासरेबुवांनी उभं आयुष्य पूल बांधण्यात घालवलेलं. ते जमिनीवरूनच म्हणाले, "जावईबापू, दुसऱ्यानं केलेलं कसं मोडलं ते तुम्ही झकास सांगता. स्वतः कधी काही केलंय का?"

सगळे हसले. तपासनीसही हसला. त्यानंतर चार महिने ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. आता सासरेबुवा गुडघा दाखवायला महिनाभर राहायला येणार होते, त्याच खाटेवर झोपणार होते, आणि तो पाय आपण स्वतः, आपल्या हातानं करायचा असं त्यानं ठरवलं होतं. नाही झाला तर सासरेबुवा नियमपुस्तकांवर झोपतील आणि सकाळी उठून ते वाक्य पुन्हा म्हणतील. पणाला लागलं होतं ते एवढंच. पण त्याला ते पुरून उरत होतं.

म्हणून त्यानं लेथ घेतला. लाकूड दोन टोकांत धरून गरगर फिरवायचं, त्याला पटाशी टेकवायची आणि गोल कातून काढायचं, ते यंत्र. एका म्हाताऱ्या कातारीकाकांनी विकायला काढलं होतं. बिडाचं, वजनदार, आणि इतकं नीट ठेवलेलं की तपासनिसाला तिथेच घाम फुटला. चालू केलं तर आवाजसुद्धा नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"का विकताय?" त्यानं विचारलं होतं.

"आता बास झालं," कातारीकाका म्हणाले. दोन्ही हात खिशात.

तपासनिसानं मनात टिपून घेतलं: हात खिशात.

रविवारी चार हमालांनी लेथ सामानाच्या खोलीत आणून ठेवला. मागोमाग कातारीकाका. त्यांच्या कोपराला अडकवलेल्या पिशवीतून घडी केलेला कागद डोकावत होता. "यात सगळं लिहिलंय. आधी वाचा, मग लाकडाला हात लावा."

तपासनिसानं कागद न वाचता पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि वर लिहिलं: 'विक्रेत्याचं लेखी निवेदन. पडताळणी बाकी.'

"जरा बसवतानाच बघून जातो मी," काका म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे... बसवतानाच बघायचं असतं."

"माझं मी बघेन."

काका बाहेर, हमाल आत, दार लागलं. आता लेथ कुठे बसवायचा? माणूस शक्यतो भिंतीला लागून बसवेल आणि समोर मोकळ्या जागेत उभा राहील. पण तसं केलं तर दाराकडे पाठ होते. म्हणजे यंत्राच्या आवाजात मागून कोण आलं, कळायचं नाही. तपासनिसानं हमालांकडून लेथ उलटा फिरवून घेतला. भिंत, मग आपण, मग लेथ, मग खोली, मग दार. भिंत आणि लेथ यांच्यात त्यानं दहा इंच जागा ठेवली. दहा इंचांत चोर मावत नाही. आपणही मावतो का हे बघायला तो सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, हात खाली सोडून एकदा उभा राहिला. मावला.

मग लेथ कोणी उचलून नेऊ नये म्हणून फरशी फोडून खालच्या काँक्रीटमध्ये चार बोल्ट रुतवले आणि भोकांत दोन नळ्यांमधलं रसायन ओतलं. नळीवर लिहिलं होतं की इमारत पडली तरी बोल्ट निघणार नाहीत. त्याला हे वाक्य फार आवडलं.

सोमवारी बेल वाजली. कातारीकाका. पिशवीत एक पाना. "हा राहिला होता."

"कसा राहिला?"

"राहतं माणसाचं. आत येऊन बघू का, कसा बसवलाय?"

तपासनिसानं दारातच पाना घेतला आणि पोच लिहून दिली. मंगळवारी काका तेलाची झारी घेऊन आले, बुधवारी धार लावायचा दगड. दर वेळी हात खिशात, आणि नजर तपासनिसाच्या खांद्यावरून आत.

"रोज एकेक वस्तू आणतोय," तपासनीस बायकोला म्हणाला. "टेहळणी करतोय. मशीनमध्ये त्यानं काहीतरी लपवलंय आणि ते त्याला परत हवंय."

"काय लपवलं असेल?"

"तेच शोधतोय. मोटर दोनदा उघडली."

"काय सापडलं?"

"मोटर."

बायको कपडे वाळत घालत होती. "अहो, म्हातारा माणूस आहे. एकदा आत घ्या, चहा पाजा, विषय संपेल."

"सगळे आत येईपर्यंत म्हातारेच असतात."

"म्हणजे काय?"

"मलाही नीट माहीत नाही," तो म्हणाला, "पण अकरा वर्षांचा अनुभव आहे."

हे तीन दिवस त्यानं हत्यारांच्या तपासणीत घालवले. पाच पटाश्या होत्या: पन्हाळीसारखी खोलगट, तिरप्या तोंडाची, सपाट, अरुंद आणि एक अशी, जिचा उपयोग त्याला कळला नाही. म्हणून ती मुख्य संशयित. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली: पुरावा एक, पुरावा दोन. खाटेच्या शाबूत पायाचं माप घेऊन शिसवीचा तुकडा तंतोतंत तेवढाच कापून ठेवला. लाकूडवाला म्हणाला होता, "थोडा लांब न्या, लागतो." तपासनिसानं त्याच्याकडेही रोखून बघितलं होतं. जास्तीचं लाकूड गळ्यात मारायला सगळेच टपलेले असतात.

गुरुवारी रजा काढून तो दहा इंचांत शिरला.

उभं राहणं जमलं. पण पटाशी धरायची म्हणजे कोपर मागे न्यावं लागतं, आणि मागे भिंत होती. छाती भरून श्वास घेतला की पोट यंत्राला टेकत होतं. त्यानं श्वास आवरला, बटण दाबलं, आणि कोपरं बरगड्यांना चिकटवून, देवाला हात जोडल्यासारखी पटाशी पुढे केली. पटाशीनं लाकडात दात रोवला. ठण्ण झालं. तुकडा लेथमधून उडाला, खोली ओलांडून बादलीवर आदळला आणि गडगडत दाराशी जाऊन थांबला.

यंत्र त्यानं बंद केलं. बाहेर निघायला गेला, तर निघेना. घाबरून भरलेला श्वास सुटत नव्हता आणि शर्टाचं बटण कुठल्याशा खाचेत अडकलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

"उघडू नकोस!" तो आतून ओरडला.

बायकोनं उघडलं. "या काका. साहेब आत आहेत. बाहेर निघता आलं तर भेटतील."

कातारीकाका खोलीच्या दारात आले. त्यांनी भिंत बघितली, तपासनीस बघितला, लेथ बघितला, बोल्ट बघितले.

"रविवारपासून हेच सांगायला येतोय," काका म्हणाले. "पुढची बाजू भिंतीकडे आलीय. हमाल निघाले तेव्हाच दारातून दिसलं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही पोच लिहीत होतात."

"चार शब्द बोलायला काय हरकत होती?"

"परवा म्हणालो, बसवण्याबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणालात, जे काय असेल ते लेखी द्या. लेखी तर पहिल्याच दिवशी दिलं होतं."

बायकोनं फडताळातून पाकीट आणून फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. "एक: लेथ भिंतीला लावून, तोंड खोलीकडे. दोन: लाकूड मापापेक्षा दोन इंच लांब घेणे." ती थांबली. "तीन: घाई नको, मी येतोच आहे."

तपासनिसाचा श्वास आपोआप सुटला आणि तो बाहेर निघाला. बटण आतच राहिलं.

"बोल्ट काढू," काका म्हणाले.

"निघणार नाहीत. इमारत पडली तरी नाही."

"मग मोटर उलटी फिरवू. दोन वायरी अदलाबदल करायच्या. पटाशी टेकवायची पट्टी खोलीच्या बाजूला घ्यायची आणि इकडून उभं राहायचं. मोटर उजव्या हाताला येईल, जरा डावखुरं वाटेल. पण होतं."

"इकडून?" तपासनीस म्हणाला. "म्हणजे दाराकडे पाठ?"

"दाराकडे कोणाची तरी पाठ असतेच हो," बायको म्हणाली. "दाराला काही वाटत नाही."

शुक्रवारी सकाळी काका पुन्हा आले. वायरी तपासनिसानं बदलल्या. काका नुसतं सांगत होते. "ती नाही. शेजारची. हां." स्वतः एकाही गोष्टीला हात लावत नव्हते. हेही त्यानं टिपून घेतलं. शिवाय रात्रीतून सुचलेला उपाय म्हणून समोरच्या भिंतीवर न्हाणीघरातला आरसा टांगला होता, पाठीमागचं दिसावं म्हणून.

लाकूड फिरू लागलं. तपासनीस पटाशी घेऊन उभा राहिला आणि आरशात बघू लागला.

"लाकडाकडे बघा," काका मागून म्हणाले.

"बघतोय."

"आरशात लाकूड नाहीये. आधी पाठ टेकवा. तुमची नव्हे, पटाशीची. नुसती घासू दे. आता मूठ किंचित वर... आणखी किंचित..."

बारीक भुगा उडाला. मग लांब, कुरळी, गरम ढलपी सरसरत बाहेर आली आणि त्याच्या मनगटावर पडली. त्याला इतका आनंद झाला की संशय येऊन त्यानं पुन्हा आरशात बघितलं.

काका अगदी त्याच्या मागे उभे होते. डोळे लाकडावर. आणि सांगण्याच्या भरात हात खिशातून बाहेर आले होते. हवेत, अदृश्य पटाशी धरल्यासारखे. दोन्ही हात थरथरत होते. थोडेथोडके नाही, वाऱ्यात दोरीवरचे कपडे हलतात तसे. तपासनीस बघत राहिला. काकांच्या ते लक्षात आलं नाही. ते आपल्या थरथरत्या हातांनी, हवेत, तो पाय बिनचूक कातत होते.

त्यानं यंत्र बंद केलं, आरसा काढला आणि भिंतीला उलटा टेकवून ठेवला.

"काय झालं?" काकांनी विचारलं. हात पुन्हा खिशात.

"चमकत होता," तपासनीस म्हणाला. "तुम्ही सांगा. मूठ किंचित वर, मग?"

दुपारपर्यंत पाय झाला. गोल, गुळगुळीत, मध्ये एक कडं, आणि कड्याच्या खाली अजून एक कडं जे ठरलेलं नव्हतं. फक्त, लेथनं लाकूड ज्या टोकांना धरलं होतं तिथे खोल व्रण पडले होते. तेवढं कापणं भाग होतं.

"म्हणून दोन इंच लांब घ्यायचं असतं," काका म्हणाले.

"यादीत होतं," तपासनीस म्हणाला.

कापून पाय अर्धा इंच आखूड झाला. दुसरं लाकूड नव्हतं. बायकोनं चहा आणला. काकांचा कप तिनं अर्धाच भरला होता, कोणी काही न सांगता, आणि काकांनी तो सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरून प्यायला.

शनिवारी सासरेबुवा आले. खाटेभोवती एक फेरी मारली, पाय बोटानं वाजवला, बसले, आडवे झाले, आणि त्या कोपऱ्याच्या दिशेनं सावकाश घरंगळत, पांघरुणासकट, जमिनीवर आले. खाली बायकोनं आधीच गादी घातली होती.

"कोणी केलाय?" त्यांनी जमिनीवरून विचारलं.

साठ टक्के, चाळीस टक्के, लाकूडवाला, बोल्टचं रसायन, सगळं तपासनिसाच्या जिभेवर येऊन गेलं. "मी," तो म्हणाला. "अर्धा इंच आखूड आहे. चूक माझी."

सासरेबुवांनी पायावरून अंगठा फिरवला. दोनदा. "कडं बरं जमलंय," ते म्हणाले. "माझा पहिला पूल तर नदीच चुकला होता."

मग पायाखाली कंपनीचं अर्धा इंच जाडीचं एक परिपत्रक सरकवलं आणि झालं ते झालंच नाही असं ठरलं. तपासनीस मात्र सोमवारी ऑफिसला जाण्याआधी सोसायटीच्या सचिवांच्या पेटीत एक अर्ज टाकून आला:

'मा. सचिव यांस. विषय: भिंत सरकवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, माझ्या सामानाच्या खोलीची मागील भिंत वीस इंच मागे, म्हणजेच शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, सरकवण्यात यावी, जेणेकरून अर्जदारास दाराकडे तोंड करून काम करता येईल. सदर बाब तातडीची नाही. तथापि भिंत सरकेपर्यंत, अर्जदाराच्या पाठीमागे उभे राहण्यासाठी, अर्जासोबत नमूद केलेल्या कातारीकाकांची सोसायटीतर्फे कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी, व त्यांना निवृत्तीचे वय लागू करू नये, ही नम्र विनंती.'