गुलाबरावांचे टाके

गुलाबरावांच्या मेंदूतली गाठ मद्रासच्या सर्जननं सुखरूप काढली. टाके पिकले ते भिलाईत परतल्यावर, आणि त्यात सर्जनचा काही दोष नव्हता. प्लांट अजून उभा राहत होता, क्वार्टरं नवी, करमणूक कमी. तेव्हा इलेक्ट्रिकल शॉपपासून भजनी मंडळापर्यंत जो तो भेटायला आला आणि पट्टी उचलून टाके चाचपून गेला. "शिलाई पक्की हाय," असा दाखलाही प्रत्येकानं दिला.

मग पू आला, ताप चढला. इथल्या डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, पेनिसिलिन सुरू केलं आणि गुलाबरावांच्या बायकोला, शीलाला, बजावलं, "पू हाडात शिरला तर कवटीचा तो तुकडा काढावा लागेल. त्याखाली मेंदू आहे. इथे कुणाचा हात लागता कामा नये."

कुशीवर पडलेल्या गुलाबरावांनी हे ऐकलं आणि आशा सोडली. शीला कुणाला अडवेल? ती दारावरच्या फेरीवाल्यालाही आधी "बसा" म्हणायची.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शॉपमधला वायरमन नरहरी आला. हात लांबवला आणि तिथंच थांबला. पलंगाच्या उशाशी लाल बोर्ड लटकत होता: 'हात मत लगाओ. आदमी काम पर है.'

"वहिनी, हा तर आमच्या शॉपचा!"

"तुमच्या फोरमनले मागून आणला, भाऊजी. ज्यानं लावला त्यानंच काढायचा असते ना?"

नरहरीनं हात खिशात घातला. भिलाईत डॉक्टरचं ऐकायची रीत नव्हती. पण असला बोर्ड म्हणजे लाइनवर माणूस चढलेला; तो असताना बंद स्विचला हात लावणाऱ्याचं काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बडे अधिकारीसुद्धा चार हात लांबून हालहवाल पुसू लागले.

तुळसाबाईंना मात्र वाचता येत नव्हतं. गुलाबरावांची आई, गावाकडून थेट आली ती अंगाऱ्याची पुडी सोडतच.

शीला मध्ये उभी राहिली. "नाही, आत्याबाई."

"कावून? माह्या लेकाले हात लावाले तुले पुसू काय?"

"जखमेले कोणीच हात लावत नाही. मीबी नाही. अंगारा पायाले लावा."

"पायाले? अवं, दुखून राहिलं डोकं!"

"देवाले रस्ता ठाऊक हाय. चढीन तो वर."

गुलाबरावांनी श्वास रोखला. अख्ख्या खानदानात तुळसाबाईंना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांच्या यजमानांनीसुद्धा नाही, आणि ते पोलिसात होते. मग गुलाबरावांच्या तळव्यांना राखेचं बोट लागलं, जरा जोरातच.

आठवड्यांमागून आठवडे गेले. एका सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, कडा दाबून पाहिल्या. पू नाही, सूज नाही. "हाड वाचलं," ते म्हणाले आणि श्रेय पेनिसिलिनला दिलं. तुळसाबाईंनी अंगाऱ्याला दिलं, नरहरीनं इलेक्ट्रिकल शॉपला.

"आता लावू काय वं हात?" तुळसाबाईंनी सुनेला विचारलं. डॉक्टरांना नाही.

"डॉक्टरसाहेब हो म्हणाले तर. साबणानं धुऊन."

डॉक्टरांनी मान डोलावली. म्हातारी पुटपुटत नळाकडे गेली. गुलाबरावांना बायकोला काहीतरी मोठं म्हणायचं होतं. त्यांनी मान वळवली, तर शीला स्टुलावर बसली होती, पदर तोंडात कोंबून रडत, आणि उशाचा लाल बोर्ड तिनं काढून मांडीवर घेतला होता.