तुंबडीबाबांच्या गालातला खडा

नया बाजारातल्या त्या अंगणात संक्रांतीला पाय ठेवायला जागा नव्हती. राजधानी भोपाळला गेल्यापासून लष्कर शहरात एवढी गर्दी कुणी पाहिली नव्हती. मधोमध चटईवर सूर्याजी पालथे निजले होते. एकेकाळचा रिसाल्याचा स्वार, संस्थानाच्या विलीनीकरणात घोडा गेला, आता पाठीत मुतखडा. शेजारी, पाठीला लावून खडा चोखून काढायची पोकळ शिंगाची तुंबडी घेऊन बाबा बसलेले, मौनात. बोलायचं काम चेल्याचं.

"नाही सुरी, नाही टाका, डॉक्टरला घरीच राखा! अरे भई, तीन खडे निघाले, आज चौथा!"

ताम्हनात तीन खडे चमकत होते, सुपारीएवढे. सूर्याजींची मुलगी शामला त्या खड्यांकडे बघत होती. ती मुलींच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवायची. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरपूर पाणी प्या, ऑपरेशन करून घ्या. बाबांनी पाणी तोडलं: पाण्यानं म्हणे खडा फुगतो. सूर्याजींनी बाबांचं ऐकलं.

एक गोष्ट मात्र शामलेनं हेरली होती. दारात टांगेवाल्याशी भांडणारे बाबा आत 'ध्यान' करून आले की मुके होत.

तिनं तिळगुळाची वाटी पुढे केली. "आधी हे घ्या, बाबाजी. मग चोखा."

बाबांनी मान हलवली.

"बाबांचं मौन आहे," चेला म्हणाला.

"मौन असू दे की! खायला काय झालं?" शेजारच्या लीलाताई पुढे सरसावल्या. बाबांची सगळ्यात मोठी भक्तीण त्याच. "सणाचा तिळगूळ माघारी पाठवता? माझ्या हातचा तरी घ्या!" आणि प्रेमानं त्यांनी लाडू बाबांच्या तोंडात कोंबलाच.

बाबांना ठसका लागला. लाडू उडाला, आणि त्यामागून टण्णकन ताम्हनात पडला चौथा खडा. तुंबडी अजून पाठीला लागलीही नव्हती.

लीलाताई हातातल्या तिळांकडे बघत राहिल्या.

"चमत्कार! बाबांनी लांबूनच ओढला!" चेला ओरडला. दोघाचौघांनी हातही जोडले. पण बाबा तोवर खडावा विसरून दाराबाहेर होते.

"तरी माझं दुखणं थांबलंय, पोरी," सूर्याजी उठत म्हणाले. पाय सुजून खांबासारखे झाले होते.

कंपू भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी शामलेला बाजूला घेतलं. "खडा जागच्या जागी आहे. नळी तुंबली, त्या बाजूचं मूत्रपिंड निकामी झालं, म्हणून दुखायचं थांबलं. दुसरं आधीच अधू, ते पाण्यावाचून गेलं. महिन्यापूर्वीच ऑपरेशन करून घेतलं असतं तर..."

खाटेवर पडल्या पडल्या सूर्याजी म्हणाले, "मला नीट समजाव. शाळेत समजावतेस तसं."

शामलेनं पाटीवर घेवड्याचे दोन दाणे काढले, मुठीएवढे. "ही मूत्रपिंडं, आबा. अंगातलं सगळं रक्त दिवसभर पुन्हा पुन्हा यांच्यातून गाळून निघतं. चांगलं ते परत रक्तात, घाण आणि जास्तीचं पाणी या बारीक नळ्यांतून खाली मूत्राशयात. पाठीकडे वाट नाहीच."

सूर्याजींनी पाटीवरच्या नळीवर बोट ठेवलं. "रिसाल्यात घोडा सकाळभर मुतला नाही तर आम्ही जेवत नसू. सलोतरी, घोड्यांचा वैद्य, येईपर्यंत त्याचं पोट चोळत बसायचो. आणि स्वतःचं..." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

माघ सरता सरता ते गेले. इंदरगंजात तोवर दुसरी तुंबडी लागली होती, दुसऱ्या बाबाची. लीलाताई रोज तिथे जाऊन उभ्या राहतात, खडा बाबाच्या गालातून येतो म्हणून जो भेटेल त्याला सांगतात. फारसं कुणी ऐकत नाही.

शामला दर वर्षी वर्गात ती पाटी दाखवते आणि एवढंच म्हणते, "मुलींनो, पाठीला भोक नाही, मग खडा बाहेर आला कुठून? हे विचारा. पण दुखणं आहे तोवर विचारा."