वाडग्यातले काळे ठिपके

लॉर्ना कुबियाकच्या घरातला साप दिवस दिवस पाण्यात बसून राहायला लागला, तेव्हा तिला आनंद झाला. चुकलं ते तिथेच.

साप मुळात तिचा नव्हता, नवऱ्याचा होता. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या स्टॅनला म्हातारपणी साप पाळायचं खूळ कुठून लागलं कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि मनगटाएवढा जाड हा अजगर तेवढा मागे राहिला. वेटोळं करून बसला की पिरोगीसारखा, म्हणजे पोलिश लोकांच्या उकडलेल्या करंजीसारखा, दिसतो म्हणून स्टॅनने त्याचं नाव पिरोगी ठेवलं होतं. पहिलं वर्षभर लॉर्नाने तोंड फिरवूनच त्याला उंदीर घातले. पण अमेरिकेतल्या त्या ईरी गावातला हिवाळा लांबतो, तळ्यावरून बर्फ येतच राहतं, आणि घरात एकच जीव हलत असेल तर माणूस त्याच्याशी बोलायला लागतं. तीही लागली.

आणि जानेवारी सरता सरता पिरोगी पाण्याच्या वाडग्यात जाऊन बसला, तो उठेचना. स्टॅनसुद्धा रविवारी टबात पडला की पेपर भिजेपर्यंत उठायचा नाही. "तुझ्यावरच गेलाय हो," ती स्टॅनच्या फोटोला म्हणाली. काचेच्या पेटीशेजारी खुर्ची ओढून तिथेच कॉफी प्यायला लागली. फेब्रुवारीत क्लबात जाऊन सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

क्लब म्हणजे काय, चर्चच्या तळघरात महिन्यातून एका शनिवारी जमणारी पंधरा माणसं. प्रत्येकाने आपापला साप आणायचा आणि तो हातोहात फिरवायचा. साप देता-घेताना हाताला हात लागायचे. अख्ख्या महिन्यात लॉर्नाच्या हाताला कुणाचा हात लागायचा तो तेवढाच.

मार्चमधल्या एका गुरुवारी तिने वाडग्यातलं पाणी बदलायला घेतलं, तर तळाशी मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके. एक बोटाने चिरडला, तर लाल डाग उठला. चष्मा लावून तिने पिरोगीला उजेडात धरलं. हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला, खवल्यांच्या फटीत तेच ठिपके होते आणि ते चालत होते. माइट्स. सापाच्या अंगावरच्या उवाच म्हणा ना. पिरोगीला आंघोळीची हौस नव्हती. त्याला खाणाऱ्यांना तो बुडवत बसला होता, आणि ही बाई शेजारी कॉफी पीत कौतुक करत होती. लॉर्नाला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

क्लबाचा नियम एकच होता, पण कडक. ज्याच्याकडे माइट्स निघतील त्याने सांगायचं, आणि शेवटचा किडा दिसल्यापासून तीन महिने कुणाकडे जायचं नाही, कुणी त्याच्याकडे यायचं नाही. बाहीवर बसूनसुद्धा येतात ते. मध्ये एक जरी दिसला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शनिवार दोन दिवसांवर होता. पिरोगीला घरीच ठेवून, स्वच्छ स्वेटर घालून गेलं तर कुणाला कळणार होतं? तिने स्वेटर धुऊन त्याला इस्त्रीसुद्धा केली. मग चिटणीस ट्रुडीचा बावीस वर्षांचा आंधळा साप तिला आठवला. शुक्रवारी सकाळी तिने फोन केला.

"तीन महिने, लॉर्ना," ट्रुडी म्हणाली. "वाईट नको वाटून घेऊस."

"मला कसलं वाईट वाटायचंय? माझी किती कामं तुंबलीत," लॉर्ना म्हणाली. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिली. तिचं एकही काम तुंबलेलं नव्हतं.

शनिवारी, क्लबाच्याच वेळेला, फोन वाजला. क्लबातलाच डेल्बर्ट रुस्नाक, निवृत्त पोस्टमन. बायको कधीच सोडून गेलेली, घरात तो आणि त्याचा नारिंगी साप मेजर.

"लॉर्ना, ते माझ्याकडून आलेत," तो म्हणाला. "माझ्याकडे जानेवारीपासून आहेत. ट्रुडीला आत्ताच सांगितलं. चांगली खरडपट्टी काढली तिने."

"जानेवारीपासून? आणि तरी मेजरला माझ्या हातात दिलात?"

"दिला."

"का, ते तरी सांगा."

"तीन महिने घरात बसायचं म्हणजे..." तो म्हणाला. "काय सांगू तुम्हाला."

लॉर्नाला संताप आला होता. पण इस्त्री केलेला स्वेटर समोर खुर्चीच्या पाठीवर होता.

"मोठा टब आहे तुमच्याकडे?" शेवटी तिने विचारलं.

"दोन आहेत."

"मग घेऊन या. मेजरलाही आणा."

"अहो, पण नियम..."

"तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे आहेत. आता आणखी काय देणार आहात तुम्ही मला?"

तेव्हापासून दर शनिवारी डेल्बर्ट यायला लागला. कोमट पाण्यात दोन साप, टबाच्या दोन बाजूंना दोन म्हातारी माणसं. पाण्यात पडलेला माइट कसा ओळखायचा ते त्यानेच तिला शिकवलं. "पाण्यात गेला की खेळ खलास. तळाशी जाऊन पडतो, हलत नाही." पेटीतला भुसा टाकून साधा कागद अंथरला, कोपरे उकळत्या पाण्याने धुतले, औषध फवारलं. मेजरचा लाकडी ओंडका ओव्हनमध्ये भाजला, तेव्हा घरभर जंगलासारखा वास सुटला. "स्वयंपाक छान झालाय," डेल्बर्ट म्हणाला, आणि लॉर्ना त्या स्वयंपाकघरात दोन वर्षांनी हसली.

एप्रिलच्या मध्यानंतर एकही ठिपका दिसला नाही. तरी अंडी राहिली असतील म्हणून शनिवार चालूच राहिले. मग जुलै आला आणि तीन महिने भरले.

त्या शेवटच्या शनिवारी सकाळी लॉर्नाने वाडगा खिडकीशी नेला. पाणी पांढऱ्या बशीत ओतून बॅटरी मारून पाहिलं. काही नव्हतं. पिरोगीची हनुवटी पाहिली, डोळे पाहिले. साप स्वच्छ होता, तकतकीत. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट ती पुन्हा एकदा बशीत डोकावली, आणि आपण काय शोधतोय ते कळल्यावर खुर्चीत बसली. आता महिन्यातून एक शनिवार, दोन तास, पंधरा माणसांत.

फोन वाजला.

"लॉर्ना," डेल्बर्ट म्हणाला, "एक दिसला."

"कुठे?"

"वाडग्यात. पाण्यात." मग तो म्हणाला, "पळत होता."

लॉर्नाने समोरच्या बशीतल्या नितळ पाण्याकडे पाहिलं.

"पाण्यात पळत होता?"

"चांगला भराभर."

तिने बशी बाजूला सारली. पलीकडे त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं," लॉर्ना म्हणाली. "तीन महिने. टब घेऊन या, मी पाणी तापत ठेवते."