फाइनच्या पुढचं वाक्य

आमच्या ह्यांचं आणि धाकट्या दिराचं बिनसलं ते दुकानाच्या पाटीवरून. सोफ्यांना नवं कापड चढवून द्यायचं दोघांचं दुकान. जुनी पाटी गंजली, नवी करायला टाकली, आणि तिच्यावर आधी नाव कुणाचं यावरून दोघांची अशी जुंपली की पाटी राहिली बाजूला, घराच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. पलीकडे दीर आणि माझी जाऊ, अलीकडे आम्ही. गॅलरी तेवढी एकच राहिली, कारण ती कापता येईना. दुकानात मात्र दोघं अजून जातात. पाठीला पाठ लावून खिळे ठोकतात आणि एकमेकांना काही सांगायचं झालं तर गिऱ्हाइकाला सांगतात.

"त्या घराशी एक शब्द बोलायचा नाही," ह्यांनी मला बजावलं. पलीकडे दिरानंही आपल्या बायकोला तेच बजावलं. प्लाय पातळ, मला सगळं ऐकू आलं. भांडण ह्यांचं, पाटी ह्यांची, आणि तोंडं आम्ही शिवून घ्यायची! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ह्यांना रक्तदाबाचा त्रास, वर रोजची आदळआपट नको, म्हणून गप्प बसले. जाऊही बसली. लग्न होऊन आल्यापासून ताई ताई करत माझ्या मागं फिरणारी पोर आता कपडे वाळत घालताना मान खाली घालून चिमटे लावायची. माझा जीव तुटायचा.

आम्ही दोघी एकाच इस्पितळात आयाचं काम करतो, ती वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या. तिथं तरी बोलता आलं असतं, पण लिफ्टवाला ह्यांचा जिगरी दोस्त, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मग इस्पितळाच्या साहेबांनी मनावर घेतलं की आयांनी पेशंटांशी आणि त्यांच्या माणसांशी इंग्रजीत गोड बोलावं. जेवणाच्या सुट्टीनंतर वर्ग सुरू झाला. शिकवायला एक तरुण मॅडम यायच्या. त्यांना बिचारीला आमच्या घरचं रामायण काय ठाऊक! पहिल्याच दिवशी त्यांनी मला आणि जाऊला समोरासमोर उभं केलं. "तुम्ही दोघी आज पहिल्यांदाच भेटताय असं समजा," म्हणाल्या. बाकीच्या आया तोंडावर हात ठेवून खुसुखुसु हसल्या.

"हॅलो," मी म्हणाले. "हाउ आर यू?"

"आय अ‍ॅम फाइन, थँक यू. हाउ आर यू?"

"फाइन. व्हेअर डू यू लिव्ह?"

"आय लिव्ह निअर यू," जाऊ म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मॅडमना वाटलं, आम्हाला इंग्रजीची भीती वाटतेय. त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "गुड मॉर्निंग!" पलीकडून लगेच, "गुड मॉर्निंग! हाउ आर यू?" हे गालाला फेस लावलेले, वस्तरा हातात, तसेच धावत आले.

"हे काय चाललंय?"

"इस्पितळाचा अभ्यास. आला नाही तर घरी बसवतील." ही मी थाप मारली.

"मग त्या दाराशीच करायचा?"

"मॅडमनी जोडी लावून दिलीय. तुम्ही करता का माझ्याशी? करा की. म्हणा, हाउ आर यू."

हे फेस पुसत आत गेले. पलीकडच्या दारातून दीरही डोकावून गेला. एक शब्द बोलायचा नाही म्हणाले होते ना? इंग्रजीबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

मग काय, आमचं रान मोकळं झालं. वाक्यं मोजकी होती, पण ती आम्ही हवी तशी ताणली. तिनं गुड मॉर्निंग हळू म्हटलं की मला कळायचं, दीर रात्री तणतणला. मी तीन वेळा थँक यू म्हटलं की ती ओळखायची, आज आमच्याकडे ह्यांचा पारा चढलाय. "नाइस टू मीट यू" तर आम्ही रोज म्हणायचो, आणि हसता हसता बादलीवर वाकायचो. तिच्या तोंडचं 'फाइन' ऐकल्याशिवाय माझी सकाळच होत नव्हती.

एका शुक्रवारी मात्र ती ओली चादर हातात घेऊन नुसतीच उभी होती. मी दोनदा गुड मॉर्निंग म्हणाले. मग विचारलं, "हाउ आर यू?"

"आय अ‍ॅम नॉट फाइन," ती म्हणाली.

समोरची फाइन म्हणाली की व्हेरी गुड म्हणायचं, एवढं आम्हाला शिकवलं होतं. फाइन नसलेली बाई आमच्या वर्गात आलीच नव्हती. मी मनातल्या मनात वाक्य शोधलं, एकही सापडेना. आणि मग मला स्वतःचाच संताप आला. शोधतेय काय मी?

"काय झालं गं तुला?" मी ओरडलेच.

तिच्या हातातली चादर पडली. "ताई, गळ्यात गाठ निघालीय. सोमवारी ऑपरेशन आहे."

"आपल्याच इस्पितळात?"

"हो. हे म्हणाले, पलीकडे कळता कामा नये. दुकानात गेलो नाही तर दादाला संशय येईल, म्हणून हे दुकानातच बसणार."

"मग तुझ्याजवळ कोण थांबणार?"

"कुणी नाही."

एव्हाना दोन्ही दारांत दोन्ही भाऊ येऊन उभे होते. चेहरे अगदी सारखे, आणि दोन्ही लालबुंद.

"मी काय बजावलं होतं?" ह्यांनी आवाज चढवला.

"बजावलं होतंत, आणि मी ऐकलंही. आता नाही ऐकणार."

"वहिनी, ही आमच्या घरातली गोष्ट आहे," दीर म्हणाला.

"भाऊजी, बायकोच्या गळ्यावर सुरी फिरणार, आणि तुम्हाला दादाला काय वाटेल याची पडलीय? लाज नाही वाटत? सोमवारी मी तिच्या उशाशी बसणार. ती शुद्धीवर येईल तेव्हा माझाच आवाज ऐकेल, आणि तो आपल्या भाषेत असेल. लिफ्टवाल्याला आत्ताच कळवा, त्याचा फेरा वाचेल."

जाऊ रडता रडता माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. तिचा हात धरून मी दिराच्या दाराकडे निघाले.

"त्या घरात पाऊल टाकलंस तर..." हे म्हणाले.

"तर काय?"

मी दिराला बाजूला सारून आत गेले. तिला खाटेवर बसवलं, डोळे पुसले आणि तिच्याशेजारी मांडी ठोकली.

"अहो," मी आतूनच हाक मारली, "चहा आज तुमचा तुम्ही करा. चार कप टाका, भाऊजींनाही घ्या. झाला की दारातून आत आणून द्या. आम्हाला उठायला वेळ लागेल, आम्ही बोलतोय."