उलटे टांगलेले गुलाब

आप्पांनी उभ्या आयुष्यात एकच नोकरी केली: अर्ध्या शहराला पाणी सोडण्याची. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चावी फिरवायची, की घराघरांत बादल्या वाजू लागायच्या. निवृत्त झाल्यावरही कुंडीतली माती कोरडी दिसली की त्यांचं मनगट शिवशिवायचं. अशा माणसाच्या घरात सुनेनं फुलं वाळवायचा धंदा काढला.

जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत तिनं दोऱ्या बांधल्या आणि गुलाब-शेवंतीच्या जुड्या उलट्या टांगल्या. पार कडेला, झरोक्यापाशी, रानगवताचे तुरे आणि काटेरी बोंडं.

"काय गुन्हा केला गं यांनी?" आप्पांनी विचारलं.

"अशी टांगली की दांडे सरळ राहतात, आप्पा."

"आणि पाणी?"

"वाळवतेय मी त्यांना!"

मुलगा जेवता जेवता हसला. "दातांच्या दवाखान्याची सजावट मिळालीय तिला. पहिलंच काम. डॉक्टरीणबाईंना आवडलं तर ठीक, नाहीतर बाईसाहेब परत त्या विम्याच्या कचेरीत."

त्या कचेरीतून सून रोज कसं तोंड घेऊन घरी यायची, ते आप्पांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी हे काम फारच मनावर घेतलं.

दुपारी सून बाहेर पडली की इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेऊन ते खोलीत शिरत आणि एकेका फुलाची विचारपूस करत त्याला पाणी पाजत. गवताला मात्र थेंब नाही. गवताचे लाड करण्याची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

एके सकाळी सुनेनं जुडी खाली काढली, तर पाकळ्यांवर बुरशी. दुसरी काढली, तीही काळी. ती तिथंच फरशीवर बसली. "उद्या द्यायचंय सगळं. जाऊ दे, आपल्याला नाही जमायचं हे."

आप्पांनी बाटली आणून तिच्यासमोर ठेवली. "तुझं काही चुकलं नाही. मी पाजत होतो."

"काय पाजत होता?"

"पाणी. तहानलेली वाटली गं."

सुनेनं बाटलीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. रडू यायला निघालं होतं, पण वाटेत हसू आडवं आलं. "दोरीवरच्या कपड्यांनाही पाजता का हो?"

"कपडे कधी मान टाकत नाहीत," आप्पा पुटपुटले.

तेवढ्यात तिची नजर झरोक्याकडे गेली. तुरे सोनेरी, बोंडं खडखडीत वाळलेली.

"यांना नाही पाजलंत?"

"गवत आहे ते!" आप्पा दुखावलेच.

दिवसभर बसून तिनं उंच मातीच्या बरण्यांत गवत आणि बोंडं रचली. आप्पांना दोरा कापायला बसवलं, तेही मोरीपासून लांब.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बरण्यांभोवती एक फेरी मारली. "फुलं नाहीत?"

"नाहीत," सून म्हणाली.

"बरं केलंत. दाढ काढायला आलेल्या माणसाला गुलाब दाखवले की त्याला वाटतं, आपला निरोप समारंभ आहे. वरच्या मजल्यासाठीही हेच करा."

घरी येताच सुनेनं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आप्पांच्या हातात ठेवली. "राखण तुमच्याकडे. आत थेंब जाता कामा नये."

आयुष्यभर पाणी सोडलेल्या माणसाला आता ते अडवायचं होतं. आप्पांनी खुर्ची थेट दाराशी मांडली. संध्याकाळी मुलगा हातपाय धुऊन कौतुकानं खोली बघायला आला.

"थांब," आप्पा म्हणाले. "हात पूस आधी."