कुंकवावरचं नाव

ज्या उन्हाळ्यात मनकर्णाबाईची थोरली मुलगी कोकिळा लग्न होऊन लोणारला नांदायला गेली, तो १९३४चा उन्हाळा. लग्नाचं कुंकू घरीच केलं होतं. शेतातली हळद, लिंबाचा रस, रंग लाल करायला टाकणखार. कशात काय किती, हे फक्त सासूबाई गोजरबाईंना ठाऊक. पाहुण्या बायकांनी ते पुड्या बांधून नेलं, मागून निरोप धाडले, आणि मनकर्णाबाई मोताळ्याच्या बाजारात कुंकू विकायला बसू लागली.

पण बाया पुडी उलटसुलट करून विचारत, "कंपनीचं हाये काय?" आणि खाली ठेवत. म्हणून तिच्या नवऱ्यानं, उकंडरावानं, सुताराकडून ठसा कोरून घेतला. मुंबईच्या एका कंपनीच्या डबीवर होती तशीच लक्ष्मी, दोन हत्ती, खाली कंपनीचं नाव. टोपली दुपारच्या आत रिकामी होऊ लागली.

एका बाजाराच्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्यानं पुडी पाहिली, खिशात घातली, आणि पुढच्या बाजाराला पोलीस घेऊन येतो म्हणून सांगून गेला.

दोघं नवराबायको बुलढाण्याला वामनराव वकिलांकडे गेले. उकंडराव तणतणला, "लक्ष्मी काय कंपनीच्या बापाची हाये काय, वकीलसाहेब?"

"लक्ष्मी सगळ्यांची. हा मार्का मात्र कंपनीचा," वकील म्हणाले. "शेजाऱ्याच्या बैलाचा डाग आपल्या गोऱ्ह्याला देऊन तू तो त्याच्या नावावर विकशील का?"

मग त्यांनी कायदा समजावला. खोटा मार्का लावणारा गुन्हेगार, तसा माल विकणाराही गुन्हेगार. वर्षभरापर्यंत कैद, नाहीतर दंड, किंवा दोन्ही, माल जप्त. विकायला बसत होती मनकर्णाबाई. उकंडरावाचा आवाज खाली आला.

ठसा आपणहून कंपनीच्या हवाली करा, माफी लिहून द्या आणि स्वतःच्या नावानं विका, असं सांगून वकिलांनी विचारलं, "कुंकू करतं कोण?"

मनकर्णाबाईनं सासूचं नाव सांगितलं, आणि पुडीवर तेच टाकायचं तिनं ठरवलं. गोजरबाई विधवा होत्या. कुंकू खलताना बोटं लाल होत, पण कपाळाजवळ त्या ती नेत नसत.

घरी आल्यावर उकंडराव म्हणाला, "मायचं नाव टाकलं तं एक सवाशीन हात लावनार नाही."

"कंपनीचं नाव चोरलं तवा लाज नाही वाटली, अन् मायच्या नावाची वाटून राह्यली?" मनकर्णाबाई कडाडली!

आतून गोजरबाई म्हणाल्या, "माह्यं नाव काऊन वो सूनबाई? देवाचं टाका."

"देवानं नाही खललं, आत्याबाई. तुमी खललं."

पुढच्या बाजाराला ठसा, उरल्या पुड्या आणि माफी कंपनीच्या माणसाच्या हाती दिली. त्यानं खटला भरायचं सोडून दिलं. नव्या पुडीवर चित्र नव्हतं. 'गोजरबाईचं कुंकू, मोताळा' एवढंच. वाचता येणाऱ्या दुसरीला वाचून दाखवत आणि दोघी पुढे सरकत. शेवटी मनकर्णाबाईनं पुडी फोडली आणि भर बाजारात आपलं कपाळ भरलं. जुनं गिऱ्हाईक तानुबाई पाहत होती. ती म्हणाली, "कोकिळाच्या लग्नात हेच लावलं व्हतं ना? मंग आज काय इटाळलं? दे दोन पुड्या."

संध्याकाळी गोजरबाईंनी पुडीवरल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे मी काय?"

"हाव आत्याबाई. तुमीच."

बांधवांनो, दुसऱ्याचा मार्का आपल्या मालावर लावणं कायद्यानं गुन्हा आहे, हे विसरू नका. आणि आपल्या घरातल्या कष्टाच्या हाताचं नाव झाकणं हाही अन्यायच आहे. आपला माल आपल्या नावानं, मान वर करून विका.

गोजरबाई १९४३ साली, पौष महिन्यात, मोताळ्याच्या घरी वारल्या.